प्लगचा आयपी: राउटरमध्ये बघू की स्कॅनर ॲप टाकू?
फोंड्याचा मावसभाऊ विचारत होता, स्मार्ट प्लगचा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांचा पत्ता) शोधायला राउटरमध्ये घुसू की फोनवर फिंगसारखं स्कॅनर ॲप टाकू. माझं दोन्ही करून झालंय.

मेहनत बघितली तर ॲप सोपं, फोन त्याच वायफायवर ठेवायचा, स्कॅन दाबायचं, मिनिटभरात यादी. प्लग गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) असला तर मात्र बहुतेक दिसतच नाही. आणि नावाचा घोळ! माझ्या यादीत प्लग असा नव्हताच, नुसतं 'एस्प्रेसिफ', म्हणजे आतल्या चिपची कंपनी. शेवटी प्लग काढून परत स्कॅन केलं, जो गळाला तो आपला.

राउटरला कटकट जास्त, ब्राउझरमध्ये 192.168.1.1 नाहीतर 192.168.0.1 टाका, पासवर्ड आठवा (आमचा राउटरच्या पोटावर स्टिकरला आहे), मग डीएचसीपीची यादी (राउटरने कुणाला कुठला आयपी दिलाय ती) शोधत बसा. पण तिथेच प्लगच्या मॅक ॲड्रेसला (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-नंबरला) आयपी कायमचा बांधता येतो, आणि पावसात आमच्याकडे लाईट सारखी जाते-येते, राउटर परत चालू झाला की आयपी बदलू शकतो, मग ॲपवाल्याची पहिल्यापासून शोधाशोध.

खर्च दोन्हीकडे शून्य.

एकदाच बघायचंय किंवा राउटरचा पासवर्ड घरमालकाकडे आहे, तर ॲप. होम असिस्टंटला (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे जोडून ठेवायचंय तर राउटरच.