किमोनंतर डोकं साथ देईना: मदत कुणाकडे मागावी?

कॅन्सरचे उपचार संपतात, रिपोर्ट चांगले येतात, आणि तरीही रोजच्या ओळखीतल्या माणसाचं नाव ऐन वेळी तोंडावर येत नाही. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. लोक याला 'किमो ब्रेन' म्हणतात खरे, पण हार्मोनच्या गोळ्यांनी किंवा रेडिएशननेही असा त्रास होतो. बहुतेकांचा हळूहळू कमी होतो, काहींचा मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतो. हे मनाचे खेळ नाहीत, त्यामुळे मदत मागायला संकोच नको.

मदत कुठलीही घ्या, आधी ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. रक्त कमी असणं, थायरॉइड, बी १२ची कमतरता, अपुरी झोप, नैराश्य, वेदनाशामक औषधं, यांपैकी कशानेही डोकं असंच जड होतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. गोळ्यांचा संशय आला तरी स्वतःहून बंद करू नका. अचानक गोंधळल्यासारखं झालं, फिट आली किंवा जीभ अडखळू लागली, तर तो किमो ब्रेन समजून थांबू नका. त्याच क्षणी इमर्जन्सी गाठा.

त्यानंतर खरी निवड सुरू होते. न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या कामाच्या चाचण्या घेणारे मानसतज्ज्ञ, नेमकं काय बिघडलंय ते मोजतात. एका चाचणीत कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडायची असतात: आकडा, अक्षर, पुढचा आकडा, पुढचं अक्षर. वेळ घड्याळावर मोजली जाते. अडचण लक्ष देण्याची, वेगाची की स्मरणशक्तीची, याचा अशा वेगवेगळ्या चाचण्यांतून अंदाज येतो. ऑफिसला सवलत मागायची असेल तर या चाचण्यांचा लेखी अहवाल फार कामाचा. पण एक लक्षात ठेवा: चाचणी 'नॉर्मल' आली म्हणजे तुमचा त्रास खोटा ठरत नाही. शांत खोलीत, एका वेळी एकच काम करताना जे जमतं, ते फोन वाजत असताना आणि चार माणसं बोलत असताना जमेलच असं नाही. शिवाय आजारापूर्वीचा तुमचा वेग त्या कागदाला ठाऊक नसतो.

ऑक्युपेशनल थेरपिस्टचा भर मोजण्यापेक्षा दिवस निभावण्यावर असतो. कोणतं काम कोणत्या वेळी करायचं, सूचना लिहून कशा घ्यायच्या, मध्येच सुटलेलं काम पुन्हा कुठून धरायचं, हे तिथे तुमच्याच कामांवर बसवून घेतात. नोकरी किंवा घर सांभाळताना तारांबळ उडत असेल, आणि या दोन तज्ज्ञांपैकी एकच परवडत असेल, तर मी आधी इथे जायला सांगेन.

मोबाइल किंवा संगणकावरच्या मेंदूच्या व्यायामांना घराबाहेर पडावं लागत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात किमो घेतलेल्या २४२ जणांपैकी निम्म्यांना १५ आठवडे असा कार्यक्रम दिला. आपल्याला कमी त्रास होतोय असं त्यांना जाणवलं, पण चाचण्यांच्या गुणांत इतरांच्या तुलनेत ठळक फरक पडला नाही. मी याला निरुपयोगी म्हणणार नाही. रोज बरं वाटणं ही लहान गोष्ट नव्हे. मात्र अ‍ॅपमधली पातळी वाढली म्हणून मीटिंगमधलं बोलणं लक्षात राहीलच, असं धरून पैसे भरू नका.

सपोर्ट ग्रुपमध्ये चाचणी नाही, उपचारही नाही. पण 'वय झालं, विसरायचंच' हे ऐकून कंटाळलेल्या माणसाला तिथे पहिल्यांदा कुणी पटकन मान डोलावणारं भेटतं. एकटं पडल्यासारखं वाटत असेल तर सुरुवात इथून करायला हरकत नाही. चिंता किंवा उदासी खोल असेल, तर मात्र समुपदेशकाची जागा ग्रुप घेऊ शकत नाही.

चालणं, योग यांसारखा नियमित व्यायाम आणि सुधारलेली झोप यांची वरच्या कशाशीच स्पर्धा नाही. डॉक्टरांना विचारून त्या सोबतच सुरू कराव्यात. स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्या मात्र न विचारता घेऊ नयेत. त्यातल्या काही चालू औषधांच्या आड येतात.

यातल्या कुणाकडेही जाताना आठवडाभराची टिपणं न्या: काय विसरलं, कधी, त्याआधी झोप किती झाली होती. घरातल्या एखाद्याला सोबत घ्या. तपासणीच्या खोलीत नेमकी हीच उदाहरणं आठवत नाहीत.