मेसेज येत होते, पण एजंटच्या मोबाइलवर

कराडमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी मी आणि भाचा मिळून करतो. एडिटिंग कोल्हापूरचा एक मुलगा करतो आणि सगळं फुटेज त्याला नेटवरून जातं. साखरपुडा, हळद, लग्न धरून दोन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज सहज ३०० जीबी भरतं. म्हणून दिवाळीनंतर फायबरचं कनेक्शन घेताना एजंटला मी दारातच विचारलं होतं, "बाबा, माझा वापर भरपूर आहे. लिमिट किती?" तो म्हणाला, "दादा, अनलिमिटेड आहे. रात्रंदिवस चालवा."

पत्रकावरही ठळक अक्षरात तेच होतं. १०० एमबीपीएस, अपलोडलाही तेवढाच वेग, महिन्याला ५९९ रुपये आणि वर जीएसटी. सहा महिन्यांचे एकदम भरले तर जोडणी फुकट. ५ नोव्हेंबरला मी ४,२४१ रुपये भरले. फॉर्म त्यानंच त्याच्या मोबाइलवर भरला. मी आधारकार्ड त्याच्या हातात दिलं आणि चहा सांगायला खाली गेलो. तेवढ्यात काय झालं ते मला दीड महिन्यानं कळलं.

सुरुवातीला तक्रारीला जागा नव्हती. रात्री अकराला फुटेज लावायचं, सकाळी सहा-सातला गेलेलं असायचं. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू झाल्या, तीन लग्नं लागोपाठ झाली आणि २७ नोव्हेंबरला रात्री अपलोडच्या खिडकीत उरलेला वेळ दिसला, १३ दिवस. मला वाटलं आकडा चुकला. राउटर बंद करून चालू केला, वेग तपासला. दोन एमबीपीएस.

रिसेप्शनला दाखवायचा हायलाइट व्हिडिओ मी मुलीच्या वडिलांना कबूल केला होता. शेवटी हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि पहाटेच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. व्हिडिओ वेळेत झाला, पण त्या आठवड्यात दोनदा दुकान बंद ठेवून जावं लागलं.

एजंटला रोज फोन करत होतो. "वरूनच प्रॉब्लेम आहे", "केबल तुटलीय", अशी उत्तरं मिळाली. ३ डिसेंबरला त्यानं एक मुलगा पाठवला. त्यानं यंत्रावरचा हिरवा दिवा बघितला, म्हणाला लाइन ओके आहे, राउटर कमी पडतोय, ड्युअल बँडचा घ्या. १,८०० रुपये. नवीन राउटर लावूनही वेग तोच, तर म्हणाला, "याला लाइन धरायला एक-दोन दिवस लागतात." आणि ५ तारखेला सकाळी खरोखर वेग पूर्ववत झाला! मी एजंटला फोन करून आभार मानले. आजही ते आठवलं की संताप होतो, कारण ५ तारखेला माझा पुढचा महिना सुरू होतो आणि डेटाचा हिशेब शून्यावर येतो, हे त्याला माहीत होतं. राउटरचा काही संबंध नव्हता.

२२ डिसेंबरला पुन्हा तेच झालं. भाचा म्हणाला, "मामा, कंपनीच्या साइटवर आपलं खातं उघडून बघू." पावतीवरचा ग्राहक क्रमांक टाकला, ओटीपी मागवला. स्क्रीनवर आलं की ओटीपी शेवटी ४७ असलेल्या नंबरवर पाठवला आहे. माझा नंबर तो नाही, घरात कुणाचाच नाही. भाच्यानं फोनमध्ये एजंटचा नंबर काढला. शेवटी ४७.

ग्राहक सेवेला ओळखपत्र पाठवून नंबर बदलून घ्यायला दोन दिवस गेले. खातं उघडलं तेव्हा सगळं लिहिलेलं होतं. मर्यादा १,००० जीबी, त्यापुढे २ एमबीपीएस. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मिळून. ५० टक्के, ९० टक्के, १०० टक्के झाल्याचे मेसेज तारीखवार पाठवलेले होते, दोन्ही महिन्यांत. म्हणजे माझं नेट कशानं मंदावलंय हे मी फोन करण्याआधीच एजंटच्या खिशात पोचलेलं होतं, आणि तरी त्यानं मला राउटर विकला.

मर्यादेला माझा विरोध नाही. एका फायबरवर ३२-६४ घरं जोडलेली असतात, एकानंच सगळं ओढलं तर बाकीच्यांनी काय करायचं? पण ती मर्यादा पैसे घेण्याआधी सांगायला हवी. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं ऑक्टोबर २०१६ मध्येच कंपन्यांना बजावलेलं आहे की मर्यादा किती जीबी, तिथपर्यंत वेग किती आणि त्यापुढे किती, हे तिन्ही ग्राहकाला स्पष्ट कळवायचं. ५०, ९० आणि १०० टक्क्यांना मेसेज द्यायचा. कंपनीनं मेसेज दिले, चुकीच्या माणसाला. आणि जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस म्हणजेही ब्रॉडबँड, त्यामुळे "सेवा चालूच होती" असं ते मला तोंडावर सांगू शकले.

तक्रार करायची तर एजंटशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, त्याच्याशिवाय पुढे कुणी दाद देत नाही. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून मी आठ दिवस घालवले. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

मला अपिलात राउटरचे १,८०० रुपये परत मिळाले. उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. अटी मान्य केल्याची टिक फॉर्मवर आहे, असं उत्तर आलं. ती टिक मी चहा सांगायला गेलो तेव्हाची. पत्रकाचा फोटो मी काढून ठेवला नव्हता, एजंटचं बोलणं तर तोंडीच. तुम्ही कनेक्शन घेणार असाल तर "एफयूपी, म्हणजे पूर्ण वेगाची डेटा मर्यादा, किती, त्यानंतर वेग किती" हे व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा आणि फॉर्मवरचा मोबाइल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अनुभव येईपर्यंत सहा महिन्यांचे पैसे एकदम देऊ नका. घरात क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा असेल तर हिशेब आधी करा. नुसता १ एमबीपीएसनं सतत अपलोड झाला तरी दिवसाला जवळपास ११ जीबी जातात.

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलं आणि ज्यांनी याच एजंटकडून नेट घेतलंय त्यांना आपापल्या खात्यावरचा नंबर तपासायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत चौघांनी स्क्रीनशॉट पाठवले. दोघांच्या ओटीपीचा नंबर शेवटी ४७ होता.