‘शंभर टक्के वनौषधी’च्या पुडीत निघालं डेक्सामेथासोन

दहा वर्षं दुखणारा गुडघा अशा पुडीनं दोन दिवसांत गप्प होतो, खरं तर तेव्हाच कळायला हवं. झाडपाल्याचं चूर्ण इतक्या झटपट सूज उतरवत नाही. त्यातून भूक खवळली आणि रात्रीची झोप उडाली, तर पुडीत स्टेरॉइड असल्याची दाट शंका घ्या. पण कठड्याला धरून जिना चढणाऱ्या माणसाला आराम पडला, तर तो शंका काढत बसेल का? त्याचा यात काडीचाही दोष नाही. दोष आहे ‘साइड इफेक्ट शून्य’ असं बेधडक सांगून पुडी देणाऱ्याचा.

डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही दोन्ही सूज दाबणारी स्टेरॉइडं. डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅमचा जोर प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमइतका. चिमूटभर चूर्णात एवढं सहज लपतं. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, हातापायांवर निळे डाग पडतात, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. पुडी थांबली की दुखणं दुपटीनं उसळतं, उठवत नाही, उलट्या होतात. विकणारा म्हणतो, ‘बघा, औषध सोडलंत म्हणून!’ संताप येतो तो इथे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यानं मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींनी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं थांबवलेलं असतं, म्हणून ही अवस्था.

तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर एकदम बंद करू नका! बी.पी. कोसळून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना पुडी दाखवा, ते डोस हळूहळू उतरवतील. चक्कर, उलट्या, ग्लानी आली तर थेट इमर्जन्सीत जा आणि पुडीचं आधी सांगा, तिथे हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं.

तक्रार करायला गेलं की विचारतात, बिल आहे? बॅच नंबर? बनवणाऱ्याचं नाव? अहो, यातलं काहीच नाही हीच तर तक्रार आहे! एक खातं म्हणतं हे औषध नाही, दुसरं म्हणतं हे अन्न नाही. नमुना घेतलाच तर तपासतात शिसं आणि पारा. स्टेरॉइडची तपासणी वेगळी सांगून मागावी लागते. तोवर विकणारा जागा बदलून मोकळा.

स्टेरॉइड वाईट नाही, म्हणून तर ही चोरी जास्त चीड आणते. दम्याच्या जोरदार झटक्यात मोठ्यांना प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस, हे जीव वाचवतं. कानशिलाच्या धमनीला सूज आली तर त्याच दिवशी सुरू केल्यानं दृष्टी वाचते. कोविडमध्ये २०२० साली डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमनं ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू कमी झाले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. साधी सर्दी, निदान न झालेला ताप, नुसती कंबरदुखी, गजकर्ण यांवर ते नको. गजकर्णाला स्टेरॉइडचं मलम लावलं की लाली जाते आणि बुरशी पसरत राहते. गोरेपणाच्या बेनामी क्रीममध्येही हेच लपवतात.

चेहरा सुजलेला आणि सकाळी आठ-नऊच्या रक्तात कॉर्टिसॉल मात्र तळाला, म्हणजे स्टेरॉइड बाहेरून येतंय. प्रेडनिसोलोन असेल तर काही चाचण्या त्यालाच कॉर्टिसॉल धरून आकडा फुगवतात, म्हणून नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. उरलेल्या पुड्या फेकू नका, तारीख घालून बंद पिशवीत ठेवा. तपासायला सगळ्या देऊ नका, दोन-चार स्वतःकडे राहू द्या.