ट्रेलर ड्रायव्हर म्हणून नेलं, व्हिसा निघाला घरगुती ड्रायव्हरचा

सौदीला जाताना माझ्या पासपोर्टवर अरबीत दोन शब्द लिहिलेले होते. ते मी मुंबईतच कुणाकडून वाचून घेतले असते तर चौदा महिने आणि घरातलं सोनं वाचलं असतं. हे लिहितोय ते त्या दोन शब्दांसाठी. बाकीचं ओघाने येईल.

मी अकरा वर्षं न्हावा शेवा बंदरातून चाळीस फुटी कंटेनर ओढत होतो. नागपूर, इंदूर, कधी हैदराबाद. २०१७ च्या दिवाळीनंतर कळंबोलीत चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "भाऊ, हेवी लायसन्स आहे ना? सौदीला ट्रेलरवर माणसं हवीत." पगार २,२०० रियाल, शिवाय प्रत्येक फेरीचा भत्ता. तेव्हा रियाल सतरा-अठरा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे पगारच चाळीस हजारांच्या घरात. इकडे मला महिन्याचे अठरा-वीस सुटायचे, तेही पोर्टच्या लायनीत दोन-दोन रात्री काढून.

माझा विश्वास बसला तो ट्रेड टेस्टमुळे. तळोज्याकडच्या एका मोकळ्या मैदानात खरोखरचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि त्याला जोडलेला ट्रेलर उभा होता. चुन्याने एल आकाराची रेघ मारली होती, तिच्या आत ट्रेलर रिव्हर्स लावायचा. आम्ही तीसेक जण होतो. दोघांनी रेघेवर उभे केलेले पाइप पाडले, त्यांना तिथल्या तिथे नापास केलं. मी एका दमात लावला. कोट घातलेल्या माणसाने वहीत टिक केली आणि हात मिळवला. जिथे नापासही करतात ती जागा खोटी कशी असेल, असं वाटलं. आज कळतं, ती दोन माणसं नापास करणं हाच आम्हाला गळाला लावायचा भाग होता.

एकूण १,४०,००० रुपये दिले. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून साठ, पतपेढीचे पन्नास, उरलेले मेव्हण्याकडून. पावती मिळाली ती फक्त वीस हजारांची, तीही 'ट्रेनिंग फी' म्हणून. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या परवानाधारक एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन, हे मला परत आल्यावर कळलं. टपरीवरच्या त्या माणसाकडे परवाना नव्हताच. परवानाधारक एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर असते. तिथे नाव आणि नोंदणी क्रमांक टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात.

पासपोर्ट तीन महिने त्यांच्याकडेच राहिला. मेडिकल झालं, अरबी छापील कागदांवर सह्या झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये थेट विमानतळावर, आत शिरायच्या तासभर आधी, पासपोर्ट आणि तिकीट एका पाकिटात घालून हातात दिलं. वाचायला वेळच मिळू नये म्हणून हे असं करतात. पासपोर्टवर व्हिसा चिकटवलेला होता. मला वाचता आलं ते माझं नाव आणि पासपोर्ट नंबर.

एक गोष्ट दहावी झालेल्या ड्रायव्हरांनी नीट ऐका. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शिक्का असतो. त्याला सौदी, कुवेत, कतार अशा अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. तिथे मालक कोण, करार काय, हे बघितलं जातं. विमाही काढावा लागतो, दहा लाखांचा, आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. मी दहावी पास. शिक्का नाही, म्हणून मंजुरी नाही. मला तो मान वाटायचा. खरं तर माझा करार तपासणारं दारच त्यामुळे वाटेत आलं नाही.

विमानात शेजारी म्हसळ्याचे एक चाचा होते. वीस वर्षं रियाधमध्ये काढलेली, सुट्टी संपवून परत निघालेले. गप्पांत मी ट्रेलरचं सांगितलं. ते म्हणाले, "दाखव बघू पासपोर्ट." चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याचं नख एका ओळीखाली धरलं आणि थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाला, हे साइक खास लिवलंय. घरच्या गाडीचा ड्रायव्हर. ट्रेलरचा असता तर साइक शाहिना लिवलं असतं." विमान तेव्हा समुद्रावर होतं.

रियाध विमानतळावर कंपनीचं कुणी नव्हतं. एक माणूस स्वतःची हायलक्स घेऊन आला होता, तोच माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता तो मालक. गेटशेजारी एक खोली, पगार १,२०० रियाल. मुलांना शाळेत सोडायचं, बाजार आणायचा, पहाटे तीन गाड्या धुवायच्या. पासपोर्ट पहिल्याच दिवशी घेतला. मी ऑफर लेटर दाखवलं, त्याने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याने घरगुती ड्रायव्हर मागितला होता आणि त्याला तो मिळाला होता. त्याच्यावर मी फसवणुकीचा आळ घेत नाही. सौदीच्या कामगार कायद्यातून घरकामाची माणसं, घरचा ड्रायव्हरसुद्धा, वगळलेली आहेत, त्यामुळे कंपनीच्या कामगारासारखी दाद मागायची सोय मला नव्हती. एजंटला फोन केला तर म्हणाला, "तीन महिन्यांत पेशा बदलून देतील, दम धरा." चौथ्या महिन्यात नंबर बंद.

जून २०१८ मध्ये तिथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. थंडीपर्यंत कफीलच्या बायकोने लायसन्स काढलं आणि माझं काम निम्म्यावर आलं. मग कफील म्हणाला, तुला ट्रेला येतो ना, माझ्या भावाचा आहे, त्यावर जा. मी खूश झालो. स्टिअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदा बरं वाटलं.

दम्माम रस्त्यावर, साधारण चारशे किलोमीटरच्या त्या पट्ट्यात, एका पंपावर मध्यरात्री एका पाकिस्तानी ड्रायव्हरशी बोलत बसलो होतो. त्याने माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्या-कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात घेतलं आणि उठूनच उभा राहिला. "भाई, इस पे साइक खास लिखा है. भारी गाड़ी का रुख्सा है तेरे पास?" रुख्सा म्हणजे लायसन्स. नव्हतं. या इकाम्यावर ते मिळतही नव्हतं, मी विचारून पाहिलं होतं. तो म्हणाला, "किसी की जान गई तो दिया तीन लाख रियाल तक जाती है. इन्शुरन्सवाला तुझसे ही वसूल करेगा. तब तक जेल." दिया म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरच्यांना द्यायची भरपाई. तीन लाख रियाल म्हणजे पन्नास लाखांच्या वर. मागे सिमेंटच्या गोण्या भरलेल्या होत्या. तिथून दम्मामपर्यंत मी साठच्या वर गाडी नेली नाही, आणि परत आल्यावर किल्ली भावाच्या हातात दिली.

कफील चिडला. म्हणाला, हुरूब लावीन. म्हणजे हा माणूस पळून गेला अशी नोंद. तशी नोंद झाली की पकडून नेतात आणि परत जायचे रस्ते बंद होतात. मी खोली सोडली नाही. गावाकडून मेव्हण्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली. दूतावासातून कफीलला फोन गेला, दोन-तीनदा गेला. शेवटी दोन महिन्यांचा पगार सोडायचा आणि तिकीट स्वतः काढायचं, या अटीवर त्याने खुरूज, म्हणजे देश सोडून जायची परवानगी, दिली. एप्रिल २०१९ ला मी घरी आलो. तेव्हा ट्रान्सपोर्टचं लायसन्स तीनच वर्षांचं असायचं, माझं तिकडे असताना संपून गेलं होतं. पाटल्या लिलावात गेल्या होत्या. बायको त्यावर कधी बोलली नाही, आणि ते मला जास्त लागतं.

पोलिसांत अर्ज दिला. पुरावा काय, तर वीस हजारांची पावती. बाकी सगळं रोख. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात विनापरवाना माणसं पाठवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दंड मात्र २,००० रुपयांपर्यंत. माझ्या एका पाटलीची मजुरी त्याहून जास्त होती.

आता तोच धंदा युरोपच्या नावाने चालतो. पोलंड, लिथुआनिया, महिना दोन लाख, परीक्षा नाही, असे व्हिडिओ कळंबोलीतली पोरं एकमेकांना पाठवतात. तिथे आपलं हेवी लायसन्स दाखवून ट्रकवर नोकरी करता येत नाही. सी आणि ई गटाचं तिकडचं लायसन्स लागतं, वर कोड ९५ म्हणजे व्यावसायिक ड्रायव्हरचं प्रशिक्षण, जे पूर्ण केलं तर २८० तासांचं आणि जलद अभ्यासक्रम घेतला तरी १४० तासांचं आहे. पोलंडच्या वर्क परमिटवर मालकाचं नाव आणि काम पोलिश भाषेत लिहिलेलं असतं. ज्याला टुरिस्ट व्हिसा देऊन "तिथे गेल्यावर बदलू" म्हणतात, त्याला १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, काम तर करताच येत नाही. आता मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरला की अरबीचं, पोलिशचं मराठी होतं. पण त्यासाठी कागद आधी हातात यायला हवा. एजंटाने व्हिसाचा फोटो दिल्याशिवाय त्याला पुढचा पैसा देऊ नका. जो विमानतळावरच देईन म्हणतो, त्याच्याकडून पासपोर्ट त्याच दिवशी परत घ्या.

आमच्या आळीतल्या एका पोराने पोलंडसाठी ८०,००० भरलेत. त्याचं वय चोवीस, घोड्यावर अजून दोन वर्षंही झाली नाहीत. परमिट बघितलंस का विचारलं तर म्हणतो, एजंटकडे आहे. सोमवारी दुसरा हप्ता द्यायचाय. रविवारी मी त्याच्या वडिलांना भेटायला जातोय, माझा जुना पासपोर्ट बरोबर घेऊन.