स्विफ्ट डिझेलला बसवलेलं दुसरं इंजिन: आठ महिने आणि 9,400 किलोमीटरनंतर

जुलै 2024 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे चढत होती, त्याच दिवसांत मी गगनबावडा रस्त्यावरून कोल्हापूरला परत येत होतो. रस्त्यावर पाणी होतं. समोरून एसटी आली, तिची लाट बॉनेटवर चढली आणि गाडी बंद पडली. मी परत चावी मारली. इंजिनानं क्षणभर उचल घेतली आणि खाडकन आवाज झाला. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. माझा रॉड तुटून ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातून, बाहेर आला होता. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे सगळा खर्च अंगावर.

मिस्त्रींनी खालून बॅटरी मारली आणि म्हणाले, "दादा, नुसता रॉड वाकला असता तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधनं करून आणला असता. बोअर मारतील, स्लीव्ह घालतील, पण फुटलेल्या ब्लॉकला काय करणार?"

मग जुन्या इंजिनाचा शोध सुरू झाला. ‘1.3 मल्टिजेट म्हणजे सगळी सारखीच’ हे मला दहा जणांनी तरी सांगितलं असेल. ते अर्धंच खरं आहे. माझ्या स्विफ्टमधलं हे 1248 सीसीचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं डिझाइन, ते मारुती, टाटा आणि फियाट तिघांच्याही गाड्यांत होतं. पण रांजणगावला बनलेल्या फियाट पुंटो आणि टाटा व्हिस्टाच्या इंजिनाचे माउंटिंग ब्रॅकेट, पाइप आणि वायरिंग स्विफ्टला जसंच्या तसं जुळत नाही. मारुतीतही दोन प्रकार आहेत: माझ्या 2014 च्या स्विफ्टचं 75 पीएसचं, आणि अर्टिगा-सियाझमधलं 90 पीएसचं, ज्याचा टर्बोच वेगळा. पहिल्या व्यापाऱ्यानं फोनवर "स्विफ्टचंच आहे" सांगून नेमकं हे 90 पीएसचं पाठवलं. टर्बो बघताच मिस्त्रींनी ते टेम्पोतून उतरवूच दिलं नाही. आगाऊ दिलेले पाच हजार मिळवायला दीड महिना गेला. याचा राग अजून आहे.

दुसऱ्या वेळी मी स्वतः पुण्याला गेलो. ब्लॉकवरचा डी13ए ने सुरू होणारा नंबर कापडानं पुसून कागदाशी ताडून पाहिला, क्रँक हातानं फिरवून घेतला, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवेवर किती दाब येतो ते, मोजायला लावलं. 26 ते 28 बार आलं. इंजिन 46 हजाराला पडलं. टायमिंग चेन, वॉटर पंप, मागचं ऑइल सील, क्लच आणि मजुरी धरून एकूण 81 हजार. इंजिन बाहेर असतानाच क्लच आणि सील बदलून घ्या, नंतर त्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.

मिस्त्रींचं एक काम मला फार आवडलं. माझ्या फुटलेल्या इंजिनाचे इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) काढताना त्यांनी प्रत्येकावर पांढऱ्या मार्करनं 1, 2, 3, 4 लिहिलं. प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, त्या त्या सिलिंडरला नोंदवलेला असतो. ईसीएम माझाच, इंजेक्टर माझेच आणि क्रम तोच, त्यामुळे गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली आणि चावीचा इमोबिलायझरही (चोरी रोखणारं कुलूप) अडला नाही.

आरटीओचं काम टाळू नका. इंजिन बदललं की 14 दिवसांत कळवावं लागतं. त्यासाठी इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं व्यापाऱ्याकडून आधीच घ्या. ती द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे थांबूच नका. आरसीवर नवा नंबर चढल्यावर विमा कंपनीकडेही बदलून घेतला.

आता चालण्याबद्दल. पहिल्या हजार किलोमीटरमध्येच ऑइल आणि फिल्टर बदललं. दुसऱ्या महिन्यात टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपजवळ ओल दिसली. नव्या वॉशरवर ती थांबली. उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरायचं, तो दोष इंजिन पेलणाऱ्या जुन्या माउंटिंगचा निघाला. ते आधीच बदलायला हवं होतं. मायलेज पूर्वी 21 मिळायचं, आता 20 च्या आसपास आहे. आंबा घाट चौघांना घेऊन दोनदा चढलो, तापमानाचा काटा हलला नाही. मागच्या रविवारी सकाळी डिपस्टिक ओढून पाहिली: 4,000 किलोमीटरमागे भरलेलं ऑइल वरच्या खुणेपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर खाली होतं.