जिओजेब्रा : शाब्दिक उदाहरणांच्या सरावाला कितपत उपयोगी?

दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवण्यापेक्षा ती वाक्यांतून तयार करणे अवघड जाते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेले जिओजेब्रा हे समीकरणांचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर मोबाईलवर आणि ब्राउझरमध्ये चालते, वैयक्तिक अभ्यासासाठी मोफत आहे. ते समीकरण तयार करून देत नाही, पण तयार केलेले तपासायला चांगले आहे. अर्थात, काही चुका त्यातूनही निसटतात.

मिश्रणाचे उदाहरण घेऊ. १० टक्के आणि ३० टक्के द्रावणांपासून २५ टक्क्यांचे ४० लिटर द्रावण हवे आहे. १० टक्क्यांचे एक्स लिटर आणि ३० टक्क्यांचे वाय लिटर घेतले, तर पहिली ओळ एक्स + वाय = ४०, दुसरी १०एक्स + ३०वाय = १००० (म्हणजे २५ × ४०). टाइप केल्यावर पडदा जवळपास रिकामाच राहतो, कारण सुरुवातीला अक्ष साधारण उणे दहा ते दहा एवढेच दिसतात आणि छेदनबिंदू आहे (१०, ३०). झूम कमी केला की रेषा समोर येतात. दोन चलांसाठी एक्स आणि वाय हीच अक्षरे वापरा. दुसरी टाकली तर जिओजेब्रा त्यांचे स्लायडर (सरकवून किंमत बदलायच्या पट्ट्या) करते आणि रेषा मिळत नाही.

आता नेहमीची चूक करून पाहा. २५ टक्के म्हणजे ४० लिटरमधले १० लिटर, हे विसरून ०.१एक्स + ०.३वाय = २५ लिहिले, तर छेदनबिंदू (−६५, १०५) येतो. उणे ६५ लिटर द्रावण! इथे आलेख चांगला कामाला येतो, चूक लगेच उघडी पडते.

वयाच्या उदाहरणात मात्र तो फसवतो. वडिलांचे वय मुलाच्या चौपट, ६ वर्षांनी तिप्पट होईल. मुलाचे वय एक्स, वडिलांचे वाय. बरोबर मांडणी वाय = ४एक्स आणि वाय + ६ = ३(एक्स + ६); उत्तर १२ आणि ४८. पण वडिलांच्या वयात ६ मिळवायचे राहिले आणि वाय = ३(एक्स + ६) लिहिले, तर १८ आणि ७२ येतात. पूर्ण संख्या, धन, दिसायला अगदी साजरे. जिओजेब्राला त्यात काहीच खटकत नाही. म्हणून उत्तर समीकरणात नाही, मूळ वाक्यात घालून पाहावे : ६ वर्षांनी २४ आणि ७८, तिप्पट नाही.

एकाच वाक्यातून दोन्ही समीकरणे काढली, तर रेषा एकमेकींवर बसतात आणि पडद्यावर एकच रेषा दिसते. तेव्हा अट कुठे निसटली ते शोधायचे. उत्तराला दशांशाच्या पुढे दोनच स्थळे दिसतात, त्यामुळे १०/३ चे ३.३३ होते. सेटिंगमधून स्थळे वाढवता येतात, तरी अपूर्णांकाच्या उत्तराची खात्री वहीत करणेच बरे.

स्लायडर मात्र खरोखर मस्त. मिश्रणात २५ च्या जागी पी हा स्लायडर ठेवून १०एक्स + ३०वाय = ४०पी लिहा. स्लायडर मुळात उणे ५ ते ५ असतो, तो आधी १० ते ३० करून घ्या, नाहीतर बिंदू भलतीकडेच भटकेल. पी सरकवला की दुसरी रेषा स्वतःला समांतर सरकते. १० ला सगळे पहिले द्रावण, ३० ला सगळे दुसरे, त्यापलीकडे कुठलेतरी लिटर उणे. २५ टक्क्यांना जास्त टक्क्यांचेच द्रावण जास्त का लागते, हे आकडेमोडीपेक्षा इथे लवकर कळते.

सॉल्व्ह ही आज्ञा तयार उत्तर देते, तेवढी मात्र सरावाच्या वेळी वापरू नये. एक्स आणि वाय म्हणजे काय, एकक कोणते, हे कागदावर लिहून, लोप पद्धतीने सोडवून मगच जिओजेब्रा उघडावे.