दोन मिलिमीटरची फसवणूक

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतले तेव्हा आम्ही एका ऑनलाइन पुरवठादाराकडून, स्वतः आराखडा करून, मॉड्युलर किचन मागवले आणि त्या व्यवहारात मी फसले. पैसे घेऊन कोणी पसार झाले, असे घडले नाही. माल आला, खोकी मोजून बरोबर भरली, शटरचा रंगही मी निवडला तोच होता. तरीही जे ठरले होते ते आले नव्हते, आणि ते पटवून द्यायला मला कित्येक आठवडे लागले, कारण प्रत्येक तक्रारीवर समोरून एकच तयार उत्तर मिळत असे: “मॅडम, आराखडा तुमचाच होता.” हे उत्तर कुठपर्यंत खरे आहे आणि कुठून पुढे ती निव्वळ पळवाट ठरते, एवढेच नेमके मांडण्यासाठी हे लिहीत आहे.

पुरवठादाराच्या संकेतस्थळावर आराखडा करण्याची सोय होती. भिंतींची मापे भरायची, कपाटे एकेक ओढून जागेवर ठेवायची, शटर आणि हँडल बदलून पाहायची, की शेवटी उजेड-सावलीसकट चित्र तयार. त्यात रमायला होते, हे कबूल केले पाहिजे. मी दोन शनिवार-रविवार त्यातच घालवले. तिथे एक कपाट दुसऱ्यावर चढत नसे की भिंतीबाहेर जात नसे, त्यामुळे चित्रात बसले ते घरातही बसणारच, असे मी धरून चालले. चित्रातल्या भिंती मात्र नेहमी सरळ उभ्या असतात आणि कोपरे नेहमी काटकोनात असतात.

मी भिंत जमिनीलगत टेप धरून मोजली आणि 3008 मिलिमीटर हे माप भरले. 600 मिलिमीटरची पाच कपाटे म्हणजे 3000, वर आठ मिलिमीटर शिल्लक, म्हणून मी निर्धास्त होते. पुढे ओट्याच्या उंचीवर मोजले तेव्हा तीच जागा 2996 भरली, कारण एका बाजूची भिंत वर जाताना किंचित आत झुकली होती. माप निदान तीन उंचींवर घ्यावे, त्यातले सर्वांत लहान धरावे, ओळंबा लावून पाहावा आणि टोकाला तासून बसवता येईल अशी फिलरची पट्टी ठेवावी, हे कोणताही सुतार सांगेल. मी कोणालाच विचारले नाही. कोपऱ्यातही मी फिलर ठेवला नव्हता, त्यामुळे एका बाजूचा ड्रॉवर उघडताना दुसऱ्या बाजूच्या हँडलवर आपटणार होता. या दोन्ही चुका माझ्याच आहेत.

परंतु नेमक्या अशाच चुका पकडल्या जाव्यात म्हणून मी ‘तज्ज्ञांकडून तपासणी’ या सेवेचे वेगळे शुल्क भरले होते. तीन दिवसांनी आराखड्यावर ‘तपासणी पूर्ण’ असा शिक्का उमटला. त्या तीन दिवसांत मला एकही फोन आला नाही, भिंतीचे छायाचित्र कोणी मागितले नाही, नळाची आणि सांडपाण्याची जागा कुठे आहे हे कोणी विचारले नाही. पाच कपाटे दोन भिंतींमध्ये फिलरशिवाय ठोकून बसवलेला आराखडा पाहून ज्याला एकही शंका आली नाही, त्याने तो उघडून पाहिला असेल, यावर माझा विश्वास नाही.

आता मुख्य गोष्ट. कपाटांच्या सांगाड्यासाठी मी 18 मिलिमीटर जाडीचा, ओलावा सहन करणारा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, निवडला होता. मागणीपूर्वी त्याचा तळहाताएवढा नमुना टपालाने घरी आला. तो चांगला जड होता, कडा घट्ट होत्या आणि व्हर्नियरने मोजल्यावर जाडी 18 भरली. हा तुकडा मी जपून ठेवला, आणि या साऱ्या प्रकरणात माझ्या हातून झालेले हे बहुधा एकमेव शहाणपण होते.

त्यानंतर सुरू झाली घाई. अंतिम नकाशा एका सायंकाळी आला आणि 24 तासांत मंजुरी दिली नाही तर उत्पादनातली आपली जागा आणि सवलत दोन्ही जातील, असे सोबतच्या पत्रात बजावले होते. नकाशा 22 पानांचा होता. मी आधी पाहिलेली आवृत्ती तिसरी होती आणि ही चौथी. काय बदलले, याची नोंद कुठेही नव्हती. मी मापे ताडून पाहिली, रंग पाहिले आणि मंजुरी दिली. शेवटच्या पानाच्या तळाशी, मापांच्या आकड्यांहूनही बारीक अक्षरांत, उपलब्धतेनुसार समतुल्य साहित्य वापरण्याचा हक्क पुरवठादाराकडे राहील, असे वाक्य होते. तिसऱ्या आवृत्तीत ते नव्हते. त्याच संध्याकाळी मी फळ्यांची कटिंग लिस्टही मागितली होती. प्रत्येक फळीची लांबी, रुंदी आणि जाडी तीत लिहिलेली असते. ‘ती कारखान्याची अंतर्गत बाब आहे’ असे उत्तर आले आणि मी ते मुकाट्याने मान्य केले. ज्याच्या आराखड्याची सगळी जबाबदारी ग्राहकावर, त्याच्या फळ्यांची यादी तेवढी अंतर्गत कशी, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

पैशांची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. अर्धी रक्कम मागणीच्या वेळी द्यायची होती. ती मी कार्डाने भरली. उरलेली अर्धी माल कारखान्यातून निघण्यापूर्वी द्यायची होती आणि ती थेट बँकेतून पाठवल्यास थोडी आणखी सवलत होती, म्हणून ती मी तशी पाठवली. माल घरी पोहोचेपर्यंत माझ्या हातात रोखून धरण्यासारखे काहीच उरले नव्हते. माल उतरवणारी मंडळी घाईत होती. 31 खोकी दारात रचून त्यांनी सही मागितली. कागदावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे आधीच छापलेले होते. बंद खोक्यातला माल सुस्थितीत आहे हे मला कसे ठाऊक असणार, असे मी विचारले. “सगळे करतात मॅडम, ही फक्त पोच आहे,” असे उत्तर मिळाले. मी सही केली. त्याखाली ‘खोकी न उघडता घेतली’ एवढे चार शब्द लिहिले असते, तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

बसवण्यासाठी आलेल्या सुताराने पहिले कपाट जोडले, ड्रॉवर घातला आणि तो चॅनेलवरून, म्हणजे ज्या पट्टीवर तो सरकतो तिच्यावरून, खाली निसटला. त्याने पुन्हा घातला, पुन्हा निसटला. दुसऱ्या कपाटातही तेच. त्याने फळीची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, “ताई, तुम्ही एमडीएफ सांगितला होता ना? हा पार्टिकल बोर्ड आहे. आणि अठराही नाही.” मी व्हर्नियर आणला. जाडी 16 होती. जपून ठेवलेला नमुना शेजारी धरल्यावर तर मोजण्याचीही गरज उरली नाही. एकीकडे लोण्यासारखी एकसंध कड, दुसरीकडे दाबून बसवलेला लाकडाचा भरड चुरा.

दोन मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटेल. मलाही क्षणभर तसेच वाटले. 600 मिलिमीटर रुंदीच्या कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या 18 च्या असतील तर आतली जागा 564 उरते. 16 च्या असतील तर 568. बाजूला बसणाऱ्या बॉल-बेअरिंग चॅनेलला प्रत्येक बाजूस सुमारे 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, जागा लागते आणि त्यात जेमतेम मिलिमीटरभराची सूट असते. आमच्या ड्रॉवरच्या डब्याची रुंदी 538 होती. 564 मध्ये तो दोन्हीकडे 13 सोडून व्यवस्थित बसला असता. 568 मध्ये दोन्हीकडे 15 उरत होते, म्हणून चॅनेलची पकडच लागत नव्हती. याचा अर्थ, ड्रॉवर ठरलेल्या 18 च्या हिशेबाने बनले होते आणि सांगाडा 16 चा. शिवाय कपाटाची तळफळी बरोबर 568 कापलेली होती. चुकून पातळ फळी लागली असती, तर तळफळी 564 निघाली असती आणि कपाट 596 भरले असते. ती 568 कापणाऱ्याला आपण कोणती फळी वापरत आहोत हे पक्के ठाऊक होते.

माझ्या भिंती तिरक्या आहेत, हे मान्य. पण कपाटाच्या पोटातल्या ड्रॉवरचा आणि त्या कपाटाच्याच फळीचा माझ्या भिंतीशी काय संबंध? ‘आराखडा तुमचा’ हे उत्तर इथे संपते. हे मला पहिल्या दिवशी कळले असते, तर मी सगळ्या तक्रारी एका पत्रात भरल्या नसत्या. मी भिंतीत न मावणारे पाचवे कपाट, कोपऱ्यातले हँडल, पातळ फळ्या आणि निसटणारे ड्रॉवर असे सगळे एकत्र लिहून पाठवले. पुरवठादाराने त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी उचलल्या, माझीच मापे मला उलट वाचून दाखवली आणि उरलेल्या दोनविषयी अवाक्षर काढले नाही. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि तीच छायाचित्रे पुन्हा पाठवण्याची विनंती. मधेच, पुढच्या खरेदीवर वापरता येईल असे सवलतीचे कूपन देऊ केले. पुढची खरेदी! स्वयंपाकघर माणूस आयुष्यात किती वेळा घेतो?

फळीच्या आत हिरवे ठिपके दिसतात, म्हणजे ती ओलावारोधक आहे, असाही एक युक्तिवाद त्यांनी केला. हा हिरवा रंग म्हणजे कारखान्यांनी ओळखीसाठी मिसळलेला रंग असतो. ओलावा अडवते ते आतले राळेचे मिश्रण, रंग नव्हे. मी बाजूची एक सुटी फळी, 720 बाय 560 ची, वजनकाट्यावर ठेवली. ती सव्वाचार किलोच्या आत भरली. त्याच आकाराची 18 ची एमडीएफ फळी साधारण साडेपाच किलोच्या आसपास जाते. समतुल्य या शब्दात सव्वा किलो कसे मुरवायचे, असे मी लिहून विचारले. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

शेवटी मी कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवला. कार्डाच्या बहुतेक व्यवहारांत अशी हरकत घेण्याची मुदत साधारण 120 दिवसांची असते, आणि ‘वरिष्ठ पाहत आहेत’ हे ऐकण्यात माझे त्यातले 90 दिवस गेले होते. या वेळी मी भिंतीचा उल्लेखही केला नाही. नमुना आणि फळी शेजारी ठेवून व्हर्नियरसह काढलेले छायाचित्र, वजनकाट्याचे छायाचित्र, 568, 538 आणि 15 हे तीन आकडे, नकाशाच्या तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीची शेवटची पाने, आणि मागणीच्या पावतीवरची ‘18 मिमी एमडीएफ’ ही ओळ, एवढेच जोडले. कार्डाने भरलेली अर्धी रक्कम परत मिळाली. बँकेतून थेट पाठवलेली अर्धी मिळाली नाही, आणि किरकोळ सवलतीसाठी तो मार्ग आपणच निवडला, हे अजून मनाला खाते.

असे स्वयंपाकघर मागवणाऱ्याने कटिंग लिस्ट मिळाल्याशिवाय मंजुरी देऊ नये, आणि ती द्यायला नकार मिळाला तर तिथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘समतुल्य’ हा शब्द दिसला तर तो खोडून ‘लेखी संमतीशिवाय बदल नाही’ असे घालून घ्यावे. मागणीप्रमाणे बनवलेला माल परत घेतला जात नाही, ही अट बहुतेक ठिकाणी असते. पण मागणीप्रमाणे न बनवलेल्या मालाला ती कशी लागू होईल, हे लेखी विचारून ठेवावे. आणि खोक्यांतले एक तरी, शक्यतो सिंकखालच्या कपाटाचे, जोडणीपूर्वी उघडून त्यातली फळी मोजावी.

सिंकखालचेच का, ते सांगते. सुताराने चॅनेलमागे दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या लावून ड्रॉवर चालते केले, पाचवे कपाट कापून अरुंद केले, आणि आम्ही तेच स्वयंपाकघर वापरायला लागलो. सिंकखालच्या तळफळीला सांडपाण्याच्या नळीसाठी कारखान्यातूनच गोल भोक पाडून आले होते. त्याची कड उघडी आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. नळीच्या जोडावरून थोडे थोडे पाणी ओघळत राहिले. परवा तिथे हात लागला तेव्हा फळी फुगलेली जाणवली, म्हणून व्हर्नियर लावला. जाडी 18.4 मिलिमीटर भरली.